बारा टक्के व्याज, बारा लाखांची मर्यादा आणि बुडालेले मुद्दल : कोल्हापुरातील एक करप्रकरण

राजारामपुरीत राहणारे बासष्ट वर्षांचे एक निवृत्त प्राध्यापक २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे विवरणपत्र भरण्यासाठी कागदपत्रे घेऊन आले, तेव्हा त्यांच्या मते त्या वर्षी त्यांना एक रुपयाही कर लागत नव्हता. उलट बँकेने व्याजातून कापलेले १४,००० रुपये परत मिळायला हवे होते. हिशेब पूर्ण झाला तेव्हा परतावा राहिला बाजूला, त्यांनाच आणखी ८,०५० रुपये भरावे लागले. हा फरक पडला तो पी-टू-पी कर्जव्यवहारातून, म्हणजे ऑनलाइन प्लॅटफॉर्ममार्फत अनोळखी व्यक्तींना थोडी थोडी रक्कम व्याजाने देण्याच्या व्यवहारातून, मिळालेल्या व्याजामुळे. अशा व्याजावर कर नेमका कशावर आणि कसा बसतो, याबाबत बचतदारांमध्ये जे गैरसमज आहेत ते जवळपास सगळे या एका प्रकरणात एकत्र आलेले असल्याने ते सविस्तर मांडत आहे. करदात्याचे नाव अर्थातच दिलेले नाही, आणि आकडे समजायला सोपे जावेत म्हणून पूर्णांकात घेतले आहेत. पुढे त्यांचा उल्लेख ‘सर’ असाच करतो.

सरांची मिळकत

सरांचे निवृत्तिवेतन दरमहा ८०,००० रुपये, म्हणजे वर्षाला ९,६०,००० रुपये. नव्या करप्रणालीत मिळणारी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट धरल्यावर त्यातले ८,८५,००० रुपये करपात्र राहतात. एका बँकेतील मुदतठेवींवर १,४०,००० रुपये आणि ते सभासद असलेल्या पतसंस्थेतील ठेवींवर १,००,००० रुपये व्याज मिळाले. ज्येष्ठ नागरिकांसाठी बँकव्याजावरील उद्गम करकपातीची, म्हणजे व्याज देतानाच कर कापून घेण्याची (टीडीएस), मर्यादा एप्रिल २०२५ पासून एक लाख रुपये झाली असली, तरी बँकेचे व्याज त्याहून अधिक असल्याने आणि सरांनी फॉर्म १५एच (आपल्याला कर लागत नाही असे ज्येष्ठ नागरिकाने द्यायचे घोषणापत्र) दिलेला नसल्याने बँकेने दहा टक्क्यांनी १४,००० रुपये कापले. पतसंस्थेने काही कापले नाही, कारण सहकारी संस्थेने आपल्या सभासदाला दिलेल्या व्याजावर, ती संस्था सहकारी बँक नसेल तर, सर्वसाधारणपणे कपात करावी लागत नाही. इथपर्यंतचे करपात्र उत्पन्न ११,२५,००० रुपये.

२०२५-२६ साठी नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७अ खाली ६०,००० रुपयांपर्यंतची करसूट मिळते आणि कर शून्य होतो. म्हणजे सरांच्या हाताशी ७५,००० रुपयांची जागा शिल्लक होती. जुन्या प्रणालीचाही हिशेब मी करून पाहिला. त्यात पी-टू-पीचे व्याज धरून, कलम ८०सी (गुंतवणूक), ८०डी (आरोग्यविमा) आणि ज्येष्ठांच्या ठेवव्याजासाठीचे ८०टीटीबी अशा वजावटी पूर्ण धरल्या तरी कर लाखाच्या वर जात होता, त्यामुळे तो पर्याय तिथेच सोडून दिला.

राहिला पी-टू-पीचा व्यवहार. ग्रॅच्युइटीच्या रकमेतले ९,००,००० रुपये सरांनी वर्षाच्या सुरुवातीस, बारा टक्क्यांची जाहिरात पाहून, एका प्लॅटफॉर्मवर ठेवले आणि ते दहा-दहा हजारांच्या तुकड्यांनी देशभरातील कर्जदारांना वाटले गेले. वर्षअखेरीस ॲपवर तीन आकडे दिसत होते : जमा झालेले व्याज १,०८,००० रुपये, प्लॅटफॉर्मचे सेवाशुल्क वस्तू व सेवा करासह ११,८०० रुपये, आणि वसूल न होणारे म्हणून दाखवलेले मुद्दल ६४,००० रुपये. या तिन्हींची वजाबाकी करून ॲप ठळक हिरव्या अक्षरांत ‘निव्वळ लाभ ३२,२०० रुपये’ असे सांगत होते. वर्षभरात सरांनी स्वतःच्या बँक खात्यात काढून घेतले ६०,००० रुपये. उरलेले पैसे ॲपने आपोआप पुन्हा नव्या कर्जदारांना दिले.

सरांचे म्हणणे दोन प्रकारे मांडलेले होते आणि दोन्ही प्रकारांत कर शून्यच येत होता. पासबुकात आलेले ६०,००० रुपये उत्पन्न धरले तर एकूण ११,८५,००० रुपये होतात. निव्वळ लाभाचे ३२,२०० रुपये धरले तर ११,५७,२०० रुपये. “साहेब, कुठनंबी मोजा, बारा लाखाच्या आतच हाय की,” असे ते हसत म्हणाले. शिवाय आयकर खात्याच्या संकेतस्थळावरील वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, या व्याजाची नोंदच नव्हती, हा त्यांचा तिसरा मुद्दा.

व्यवहाराची कायदेशीर चौकट

कर कसा बसतो हे ठरवण्याआधी पैसे कोणी कोणाला दिले हे पाहावे लागते, कारण याच ठिकाणी बँकठेवीची सवय असलेल्या माणसाची गफलत होते. रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०१७ रोजी या व्यवसायासाठी निर्देश काढले. त्यानुसार प्लॅटफॉर्म चालवणारी कंपनी नोंदणीकृत बिगरबँक वित्तीय कंपनी असावी लागते, पण ती स्वतः ठेवी घेऊ शकत नाही, स्वतः कर्ज देऊ शकत नाही आणि परतफेडीची हमीही देऊ शकत नाही. ती मध्यस्थ आहे. कर्जाचा करार थेट कर्ज देणारा आणि कर्ज घेणारा यांच्यात होतो, आणि पैसे विश्वस्ताच्या देखरेखीखालील एस्क्रो खात्यांतून, म्हणजे दोघांचे पैसे तात्पुरते सांभाळणाऱ्या त्रयस्थ खात्यांतून, फिरतात. एका व्यक्तीने एकाच कर्जदाराला ५०,००० रुपयांपेक्षा अधिक द्यायचे नाहीत, कर्जाची मुदत ३६ महिन्यांपेक्षा अधिक असायची नाही, आणि सगळ्या प्लॅटफॉर्मवर मिळून एका व्यक्तीने द्यायच्या रकमेची मर्यादा, जी सुरुवातीला दहा लाख होती, ती डिसेंबर २०१९ मध्ये पन्नास लाख झाली; मात्र दहा लाखांच्या पुढे जायचे असेल तर आपली निव्वळ मालमत्ता किमान पन्नास लाख असल्याचे सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र द्यावे लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने हे निर्देश आणखी कडक केले : ठरावीक परताव्याचे आश्वासन देणारे गुंतवणुकीचे साधन म्हणून याची जाहिरात करायची नाही, आणि बुडालेल्या मुद्दलाचा किंवा व्याजाचा भार पूर्णपणे कर्ज देणाऱ्यानेच सोसायचा.

ही चौकट लक्षात घेतली की कराच्या बाजूचे पहिले उत्तर मिळते. सर ठेवीदार नाहीत, ते धनको आहेत. मार्केट यार्डातला अडत्या गुळाच्या हंगामाआधी शेतकऱ्याला उचल देतो तेव्हा तो निदान त्याचे गाव, त्याचा ऊस आणि त्याचा बाप ओळखत असतो. सरांकडे प्रत्येक कर्जदाराचा फक्त एक क्रमांक आणि एक श्रेणी होती. पण कायद्याच्या दृष्टीने दोघांचेही स्थान एकच. दिलेले पैसे हे मुद्दल, परत आलेले मुद्दल हे उत्पन्न नव्हे, आणि त्यावर मिळणारे व्याज हे उत्पन्न. व्यवसाय म्हणून केलेले नसेल तर ते १९६१ च्या आयकर अधिनियमाच्या कलम ५६ खाली ‘इतर स्रोतांतून मिळणारे उत्पन्न’ या शीर्षात येते आणि त्यावर नेहमीच्या टप्प्यांप्रमाणे कर बसतो. त्याला कोणताही सवलतीचा दर नाही. कलम ८०टीटीए आणि ८०टीटीबी या वजावटी बँका, सहकारी बँका आणि टपाल खाते यांच्याकडील व्याजासाठी आहेत. प्लॅटफॉर्मवरील व्याजाला त्या जुन्या प्रणालीतही लागू नाहीत, आणि नव्या प्रणालीत तर मुळातच नाहीत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर अधिनियम, २०२५ लागू झाला असला, तरी २०२५-२६ या वर्षाच्या उत्पन्नाला जुनाच अधिनियम लागू असल्याने या लेखात कलमांचे क्रमांक जुनेच दिले आहेत.

एआयएसमध्ये नोंद का नव्हती

सरांचा तिसरा मुद्दा आधी निकालात काढतो, कारण तो सर्वांत सोपा आहे. कलम १९४अ खाली व्याजातून कर कापण्याची जबाबदारी व्याज देणाऱ्याची असते. इथे व्याज देणारा म्हणजे प्लॅटफॉर्म नव्हे, तर कर्जदार. आणि तो बहुधा पगारदार किंवा लहान दुकानदार असतो. मागील वर्षी ज्याची धंद्यातील उलाढाल एक कोटीच्या किंवा पेशातील जमा पन्नास लाखांच्या पुढे गेलेली नाही अशा व्यक्तीवर ही जबाबदारी नसते. म्हणून कपात नाही, कपात नाही म्हणून तिची नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून उत्पन्नच नाही असे मानण्याचा मोह होतो. कर मात्र उत्पन्नावर बसतो, नोंदीवर नव्हे. सरांच्या बँक खात्यात एस्क्रो खात्यातून आलेल्या रकमा तारखांसह दिसत होत्या, आणि प्लॅटफॉर्म नियामकाच्या देखरेखीखाली असल्याने प्रत्येक हप्त्याची फोड त्यांच्या दफ्तरी आहेच. उत्पन्न कमी दाखवल्यास कलम २७०अ खाली चुकवलेल्या कराच्या ५० टक्के, आणि ते चुकीच्या माहितीच्या आधारे दडवलेले ठरल्यास २०० टक्के दंड होऊ शकतो.

साठ हजार, बत्तीस हजार की एक लाख आठ हजार

आता मूळ प्रश्न. बँक खात्यात काढून घेतलेली रक्कम ही उत्पन्नाची मोजपट्टी असू शकत नाही. एस्क्रो खात्यात सरांच्या नावे व्याज जमा झाले, ते काढायचे की पुन्हा कर्जाऊ द्यायचे हा निर्णय सरांचा होता, आणि ‘आपोआप पुन्हा गुंतवा’ ही सूचनाही त्यांनीच देऊन ठेवली होती. ज्या क्षणी व्याज त्यांच्या ताब्यात आले त्या क्षणी ते मिळाले. त्याचे पुढे काय केले याचा कराशी संबंध नाही. उलट बाजूने पाहिले तर काढलेल्या ६०,००० रुपयांत मुद्दलाचे पैसे किती आणि व्याजाचे किती हे सांगताही येत नव्हते.

ॲपवरचा निव्वळ लाभ हा त्याहून फसवा आकडा आहे, कारण तो खरा आहे. सरांच्या संपत्तीत वर्षभरात खरोखर ३२,२०० रुपयांचीच भर पडली. पण आयकर अधिनियम संपत्तीतली भर मोजत नाही. हे सरांना पटावे म्हणून त्यांच्या उताऱ्यातले एक कर्ज आम्ही ओळीओळीने वाचले. दहा हजार रुपये, वार्षिक व्याजदर २४ टक्के, बारा मासिक हप्ते, प्रत्येक हप्ता ९४५.६० रुपयांचा. पहिल्या हप्त्यात २०० रुपये व्याज आणि ७४५.६० रुपये मुद्दल. दुसऱ्यात १८५.०९ व्याज, ७६०.५१ मुद्दल. तिसऱ्यात १६९.८८ व्याज, ७७५.७२ मुद्दल. चौथ्या हप्त्यापासून कर्जदार गप्प. सरांच्या हाती एकूण आले २,८३६.८० रुपये, त्यात मुद्दल २,२८१.८३ रुपये, म्हणजे दिलेल्या दहा हजारांपैकी ७,७१८.१७ रुपये अडकले ते अडकलेच. तरीही या कर्जावर सरांना ५५४.९७ रुपयांचे करपात्र उत्पन्न झाले. उतारा खाली ठेवून सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, “म्हणजे बुडवणाऱ्यानं बुडवलं ते वेगळं, आणि त्यावर कर मीच भरायचा?” उत्तर होकारार्थी देणे भाग होते.

याचे कारण कलम ५७ मध्ये आहे. इतर स्रोतांतून मिळणाऱ्या उत्पन्नातून, ते उत्पन्न मिळवण्यासाठी पूर्णपणे आणि केवळ त्यासाठीच केलेला खर्च वजा करता येतो, मात्र तो भांडवली स्वरूपाचा नसावा. बुडालेले मुद्दल हा खर्चही नाही आणि ते महसुली, म्हणजे नेहमीच्या चालू खर्चाच्या, स्वरूपाचेही नाही. ते भांडवलाचे नुकसान आहे. बुडीत कर्जाची वजावट देणारे कलम ३६ फक्त धंदा किंवा पेशा या शीर्षाखालील उत्पन्नाला लागू होते.

भांडवली नुकसान म्हणून तरी दाखवता येईल का, हे सरांनी विचारले आणि तो प्रश्न रास्त होता. दिलेले कर्ज ही मालमत्ता असली तरी भांडवली तोटा होण्यासाठी तिचे ‘हस्तांतरण’ व्हावे लागते, आणि कर्जदाराने पैसे न देणे किंवा ॲपने ते वसूल न होणारे ठरवणे म्हणजे हस्तांतरण नव्हे, अशी भूमिका विभाग सहसा घेतो. या मुद्द्यावर वाद घालता येतो, हे मी नाकारत नाही. पण सरांच्या बाबतीत वाद जिंकूनही हाती काही लागले नसते, कारण कलम ७१ नुसार भांडवली तोटा फक्त भांडवली नफ्यातूनच वळता करता येतो, व्याजातून नाही. आणि सरांकडे शेअर किंवा जमीनविक्रीचा नफा नव्हता. आठ वर्षे तो तोटा पुढे ओढत नेण्यासाठी विवरणपत्रात वादग्रस्त दावा करून ठेवावा, असा सल्ला मी दिला नाही.

धंदा म्हणून दाखवण्याचा मोह

सरांच्या एका मित्राने त्यांना सुचवले होते की हा व्यवहार सरळ सावकारीचा धंदा म्हणून दाखवावा, मग बुडीत रक्कमही वजा होते. कराच्या कायद्यापुरते पाहिले तर या सूचनेत तथ्य आहे. सावकारीच्या धंद्याच्या ओघात दिलेले कर्ज हिशेबाच्या वह्यांत बुडीत म्हणून निर्लेखित केले, म्हणजे येण्यांतून काढून टाकले, की वजावट मिळते, आणि ते खरोखरच बुडाले हे वेगळे सिद्ध करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये टीआरएफ लिमिटेडच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. पण ही वाट धरण्याआधी ती कुठे जाते ते पाहायला हवे.

पहिली गोष्ट, धंदा आहे असे म्हणून तो धंदा होत नाही. सातत्य, व्यवस्थित हिशेब, त्यासाठी दिलेला वेळ, उपजीविकेशी असलेला संबंध अशा गोष्टी पाहिल्या जातात. ग्रॅच्युइटीचे पैसे ॲपला देऊन आपोआप वाटपाची कळ दाबणाऱ्या निवृत्त माणसाला सावकार ठरवणे अवघड आहे. दुसरी गोष्ट अधिक नाजूक. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन अधिनियम आहे आणि परवान्याशिवाय सावकारीचा धंदा करणे हा त्याखाली गुन्हा आहे. नियंत्रित प्लॅटफॉर्ममार्फत केलेल्या व्यवहाराला तो लागू होतो की नाही हा वेगळा वाद. पण विवरणपत्रात स्वतःच्या सहीने ‘माझा धंदा सावकारीचा’ असे लिहून देणे म्हणजे तो प्रश्न आपणच घरी बोलावणे होय. खासगी सावकारीच्या तक्रारींवर सहकार खात्याने टाकलेल्या धाडींच्या बातम्या आपल्या जिल्ह्यात नव्या नाहीत. तिसरी गोष्ट, साठ वर्षांवरील ज्या निवासी व्यक्तीला धंद्याचे उत्पन्न नाही तिला आगाऊ कर भरावा लागत नाही. धंदा दाखवला की ही सूट जाते, आणि त्यासोबत साधे विवरणपत्र जाऊन आयटीआर-३ हा धंद्याच्या उत्पन्नासाठीचा विवरणपत्राचा नमुना भरावा लागतो. चौसष्ट हजारांच्या वजावटीसाठी हे सगळे अंगावर घेणे मला शहाणपणाचे वाटले नाही, आणि सरांनाही ते पटले.

शुल्काची वजावट आणि बारा लाखांचा कडा

सरांच्या बाजूने खरोखर काही करता येण्यासारखे होते ते दोन ठिकाणी. पहिले म्हणजे हिशेबाची पद्धत. कलम १४५ नुसार इतर स्रोतांच्या उत्पन्नाचा हिशेब रोख पद्धतीने (पैसे हाती आले तेव्हा) किंवा देय पद्धतीने (पैसे येणे झाले तेव्हा), जी नियमितपणे वापरली जाते तिच्यानुसार, करता येतो. थकलेल्या कर्जांवर ॲप ‘येणे व्याज’ म्हणून १४,५०० रुपये आणखी दाखवत होते. या स्रोताचे हे पहिलेच वर्ष असल्याने रोख पद्धत स्वीकारली आणि प्रत्यक्ष जमा झालेले १,०८,००० रुपयेच धरले. यापुढे मात्र तीच पद्धत चालवावी लागेल. सोयीप्रमाणे वर्षावर्षाला बदलता येणार नाही.

दुसरे म्हणजे ११,८०० रुपयांचे सेवाशुल्क. हे शुल्क प्रत्येक हप्त्याच्या वसुलीवर कापलेले होते, म्हणजे व्याज मिळवण्यासाठीच झालेला महसुली खर्च होता. कलम ५७ ची ही वजावट नव्या करप्रणालीतही मिळते. नोंदणीसाठी एकदाच घेतलेले शुल्क असते तर त्याबद्दल मी इतका निःशंक नसतो. अडचण एवढीच की निवृत्तिवेतन आणि व्याज एवढेच उत्पन्न असणारे लोक सवयीने आयटीआर-१ भरतात, आणि कुटुंब निवृत्तिवेतनावरील वजावट सोडून कलम ५७ ची कोणतीही वजावट घ्यायची असेल तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरावे लागते. बरेच जण केवळ सोपा फॉर्म हवा म्हणून ही वजावट सोडून देतात. सरांच्या बाबतीत ती सोडण्याची किंमत किती झाली असती हे पाहण्यासारखे आहे.

वजावट घेतल्यावर पी-टू-पीचे करपात्र व्याज राहिले ९६,२०० रुपये आणि एकूण उत्पन्न झाले १२,२१,२०० रुपये. बारा लाखांच्या वर गेल्याबरोबर कलम ८७अ ची पूर्ण करसूट जाते, आणि नुसत्या टप्प्यांप्रमाणे कर होतो ६३,१८० रुपये : बारा लाखांपर्यंतचे ६०,००० आणि वरच्या २१,२०० रुपयांवर १५ टक्क्यांनी ३,१८०. पण बारा लाखांपेक्षा जेवढे उत्पन्न जास्त, त्याहून अधिक कर घ्यायचा नाही अशी सीमांत सवलत कायद्यातच आहे. त्यामुळे कर २१,२०० रुपयांवर थांबतो, त्यावर चार टक्के उपकर ८४८ रुपये, आणि दहाच्या पटीत पूर्ण केल्यावर एकूण २२,०५० रुपये.

सवलत हा शब्द ऐकून हायसे वाटते, पण याच पट्ट्यात, म्हणजे बारा लाख ते साधारण १२,७०,५८८ रुपये यांच्या दरम्यान, वरचा प्रत्येक रुपया पूर्ण करात जातो. उपकर धरला तर रुपयाला एक रुपया चार पैसे. म्हणूनच सेवाशुल्काची वजावट सोडली असती तर उत्पन्न १२,३३,००० रुपये आणि कर ३४,३२० रुपये झाला असता. ११,८०० रुपयांच्या वजावटीने १२,२७० रुपयांचा कर वाचला, म्हणजे खर्चापेक्षा बचत मोठी. करसल्ल्याच्या कामात असे आकडे क्वचितच दिसतात.

आता सरांच्या हाती काय उरले ते मोजू. व्याज १,०८,०००, त्यातून शुल्क ११,८००, बुडालेले मुद्दल ६४,००० आणि कर २२,०५० वजा केले की राहतात १०,१५० रुपये. पी-टू-पीचा व्यवहार नसता तर कर शून्य होता, त्यामुळे हा सगळा कर याच व्यवहाराच्या माथी मारणे योग्य आहे. नऊ लाखांवर वर्षाला १०,१५० म्हणजे सव्वा टक्क्याहूनही कमी. तेच पैसे बचत खात्यात अडीच टक्क्यांनी नुसते पडून राहिले असते तरी २२,५०० रुपये मिळाले असते, एकूण उत्पन्न ११,४७,५०० रुपये झाले असते आणि कर लागला नसता. जाहिरातीतले बारा टक्के खोटे नव्हते. ते सरांना मिळालेही. फक्त ते बुडीत आणि कर या दोन्हींच्या आधीचे होते.

माझे मत विचाराल तर, ज्यांचे इतर उत्पन्न बारा लाखांच्या किंचित खाली आहे अशा माणसाने मुद्दल बुडण्याची शक्यता असलेल्या आणि बुडीताची वजावट न देणाऱ्या व्याजाच्या वाटेला जाऊ नये. ज्याचे उत्पन्न आठ लाख आहे किंवा वीस लाख आहे, त्याचा हिशेब वेगळा येईल. आठ लाखवाल्याला असे लाखभर व्याज कराविना पचते, वीस लाखवाल्याला वरच्या टप्प्याच्या दराने कर लागतो, पण या कड्यावरून खाली पडावे लागत नाही.

विवरणपत्र आणि पुढचे वर्ष

सरांचे आयटीआर-२ भरले. बँकेने कापलेले १४,००० रुपये वजा जाऊन उरलेले ८,०५० रुपये स्वयंनिर्धारण कर म्हणून ३१ जुलैपूर्वीच चलनाने भरले. ज्येष्ठ नागरिक म्हणून आगाऊ करातून सूट असल्याने कलम २३४ब आणि २३४क खालचे व्याज लागले नाही; साठीच्या आतल्या माणसाचा करकपात वजा जाता उरलेला कर दहा हजार किंवा त्याहून अधिक असता तर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखा त्याला पाळाव्या लागल्या असत्या. वर्षभराचा कर्जनिहाय उतारा, ज्यात प्रत्येक हप्त्यातील व्याज आणि मुद्दल वेगळे दाखवलेले आहे, आणि सेवाशुल्काच्या पावत्या उतरवून फायलीत लावायला सांगितले, कारण प्लॅटफॉर्म उद्या बंद पडला तर ॲपवरचा इतिहासही त्याच्यासोबत जाईल.

पुढच्या वर्षासाठी सरांनी एक तोडगा आणला होता : हे पैसे पत्नीच्या नावावर प्लॅटफॉर्मवर ठेवायचे. वहिनींचे स्वतःचे उत्पन्न नगण्य आहे. पण नवऱ्याने मोबदल्याविना बायकोला दिलेल्या पैशांवरचे व्याज कलम ६४ खाली नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते, त्यामुळे खाते कोणाच्या नावावर आहे याने फरक पडत नाही. वहिनींना माहेरच्या जमिनीच्या वाटणीतून मिळालेली रक्कम मात्र त्यांची स्वतःची आहे. ती त्यांनी कुठे ठेवायची हा त्यांचा निर्णय, आणि त्यावरचे उत्पन्न त्यांच्याच नावे धरले जाईल. वहिनींनी हे ऐकून ती रक्कम पोस्टातच ठेवायची असे सांगितल्याचे सरांनी नंतर कळवले.

सरांनी आपोआप पुन्हा गुंतवण्याची सूचना रद्द केली आहे. त्यामुळे चालू असलेली कर्जे जसजशी फिटतील तसतसे पैसे बँकेत येतील आणि त्यातले व्याज दरमहा कमी होत जाईल. थकलेल्या कर्जदारांपैकी एकाने नंतर अर्धवट रक्कम भरली आणि त्यातून नवा प्रश्न उभा राहिला : ही रक्कम आधी थकलेल्या व्याजात वळती करायची की मुद्दलात? करारात काही ठरलेले नसेल तर सर्वसाधारण नियम आधी व्याज, मग मुद्दल असा आहे, आणि तसे झाले तर बुडीत म्हणून ज्याची कुठेच वजावट मिळाली नाही अशा कर्जाचे परत आलेले पैसेही व्याज म्हणून करपात्र ठरतील. सरांच्या कर्जकरारातील कलम मात्र स्पष्ट होते, त्यात ९० दिवसांपेक्षा अधिक थकलेल्या कर्जाची वसुली आधी मुद्दलात जमा करण्याची तरतूद होती. ॲपने ती रक्कम व्याजात दाखवली आहे. करारातील त्या कलमाचा हवाला देऊन नोंद दुरुस्त करण्याची लेखी मागणी प्लॅटफॉर्मकडे पाठवली असून तिची प्रत पुढील वर्षाच्या फायलीत पहिल्या पानावर लावली आहे.